पोलादाला पंधरा तोफांची सलामी

माळव्यातील पवारांच्या धार, देवास थोरली पाती आणि देवास धाकटी पाती अशा तीन गाद्यांपैकी कोणत्या गादीचा मान अधिक, हा प्रश्न इंग्रज सरकारने तिघांनाही सारख्याच पंधरा तोफांची सलामी बांधून देऊन आपल्या परीने निकालात काढला होता. परंतु सरकारने निकालात काढलेले प्रश्न माणसांच्या मनातूनही निघून जातात, असा अनुभव कोणत्याच राज्यात कोणास आलेला नाही. देवासास तर तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांपासून निघालेली दोन राज्ये एकाच गावात नांदत, हमरस्त्याच्या मधोमध सरहद्द गेलेली असे, आणि सायंकाळी एका वाड्यापुढे एक बँड व दुसऱ्या वाड्यापुढे दुसरा बँड एकाच वेळी निरनिराळ्या चाली वाजवीत असे. इंग्रज अधिकारी सर जॉन माल्कम याच्या काळापासून सांगितली जाणारी एक गोष्ट अशी की, दोन्ही महाराजांना मिळून कोणी एक लिंबू नजर केले, तरी ते मधोमध कापून त्याच्या दोन सारख्या फाका कराव्या लागत. लिंबाच्या फाकेत जेथे राज्याची अब्रू सामावलेली होती, तेथल्या माणसाला स्वित्झर्लंडातील घड्याळांच्या कारखानदारांचे मानपान समजावून सांगावे लागत नाहीत. ते त्यास उपजतच कळतात.

आमचे एक स्नेही, ज्यांना आळीतील लहानथोर सर्वजण सरदारसाहेब या नावाने संबोधतात, त्यांना ते जरुरीपेक्षा अंमळ अधिकच कळतात. त्यांच्या पणजोबांकडे संस्थानच्या पागेची काही व्यवस्था होती. १९४८ साली संस्थाने मध्यभारतात विलीन झाली आणि सरदारकी गेली. साहेबकी मात्र कोणत्याही करारनाम्यात नमूद नसल्यामुळे विलीन व्हावयाची राहिली. वडिलोपार्जित मिळकतीपैकी मुठीवाचून एक तरवार, वाळवी लागलेल्या दप्तराचे दोन रुमाल आणि मानमरातबाची सूक्ष्म जाणीव एवढेच त्यांच्या वाट्यास आले. अशा गृहस्थाने उतारवयात सत्तरीच्या दशकातील पोलादी, उंची स्विस स्पोर्ट्‌स घड्याळांचा छंद धरावा, याचे इतरांना नवल वाटले. आम्हाला वाटले नाही. ज्या वस्तूची किंमत तिच्या धातूत नसून तिच्या दर्जात आहे, अशी वस्तू शोधण्यातच त्या घराण्याच्या चार पिढ्या गेलेल्या आहेत.

या छंदाचे मूळ पुराण सरदारसाहेबांच्या तोंडून अनेकदा ऐकल्यामुळे आम्हास आता पाठ झाले आहे. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्‌झच्या स्फटिकावर चालणारे ॲस्ट्रॉन नावाचे मनगटी घड्याळ विक्रीस काढले. त्याची किंमत त्या वेळी एका लहान मोटारीएवढी होती, पण अचूकपणात त्याने स्विस कारागिरांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्येस एका दिवसात मागे टाकले. यापुढे घड्याळ स्वस्त होणार आणि आपले कारखाने बंद पडणार, अशी चिन्हे दिसू लागली, तेव्हा ओदेमार पिगे या जुन्या पेढीने जे केले ते कोणत्याही शहाण्या व्यापाऱ्यास सुचले नसते: त्यांनी आपले घड्याळ महाग केले. जेराल्ड जेंटा नावाच्या नक्षीकाराने, पाणबुड्याच्या शिरस्त्राणाचे स्मरण ठेवून, एका रात्रीत त्याचे चित्र काढून दिले, अशी आख्यायिका आहे. आठ कोपऱ्यांची चौकट, तीत उघडे दिसणारे आठ षट्‌कोनी स्क्रू, अंगाबरोबरच घडलेली पोलादी साखळी, आणि व्यास त्या काळी राक्षसी वाटावा असा ३९ मिलिमीटर. पोलाद सोन्यापेक्षा कठीण, त्यावर हत्यार चालविणे दुष्कर, म्हणून पहिले नमुने पांढऱ्या सोन्यात करून पाहावे लागले. म्हणजे राजवाडा बांधण्यापूर्वी त्याचा नमुना म्हणून सोन्याची झोपडी बांधावी, त्यातलाच प्रकार. १९७२ च्या एप्रिल महिन्यात बाझलच्या जत्रेत ते रॉयल ओक या नावाने मांडले गेले आणि त्याची किंमत सुमारे ३,३०० फ्रँक, म्हणजे सोन्याच्या कित्येक घड्याळांहून अधिक, सांगण्यात आली. व्यापाऱ्यांनी आता ही पेढी बुडणार असे भविष्य वर्तविले. पेढी अद्याप आहे.

येथे सरदारसाहेब नेहमी थांबतात, चष्मा पुसतात आणि आवाज खाली आणून एक तारीख सांगतात. हिंदुस्थानातील संस्थानिकांचे तनखे आणि पदव्या रद्द करणारी सव्विसावी घटनादुरुस्ती २८ डिसेंबर १९७१ रोजी अमलात आली. म्हणजे राजेलोकांच्या हातून राजेपण गेले त्यास चार महिने पुरे होण्यापूर्वीच पोलादाला राजेपण मिळाले! ज्या मनगटांवर हे घड्याळ शोभले असते, ती मनगटे त्या वेळी आयकराची विवरणपत्रे भरण्यात गुंतली होती. हा योगायोग आहे असे आम्ही म्हणतो. सरदारसाहेबांच्या मते हे कारस्थान आहे, फक्त ते दिल्लीत शिजले की जिनिव्हात, एवढेच त्यांस ठरविता आलेले नाही.

त्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र आम्हास मान्य करावी लागते. रॉयल ओक हे नाव इंग्रजी आरमाराच्या युद्धनौकांवरून घेतलेले, आणि त्या नौकांना ते मिळाले एका ओक वृक्षावरून, ज्याच्या फांद्यांत १६५१ साली लढाई हरलेला दुसरा चार्ल्स राजा लपून बसला होता. पुढे १९७६ साली त्याच जेंटाच्या चित्रावरून पाटेक फिलिप या पेढीने जहाजाच्या खिडकीसारखे पोलादी घड्याळ काढले आणि जगातील अत्यंत महागड्या घड्याळांपैकी एक पोलादाचे आहे, अशी फुशारकीची जाहिरात केली, त्याचे नाव नॉटिलस. नॉटिलस ही ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतील कॅप्टन नेमोची पाणबुडी. आणि हा नेमो कोण, तर व्हर्ननेच पुढील एका कादंबरीत उलगडून सांगितल्याप्रमाणे, बुंदेलखंडाच्या एका राजाचा पुत्र, राजकुमार डक्कर, जो १८५७ च्या युद्धात लढला, हरला, आणि राज्य व कुटुंब गमावून, जमीन सोडून समुद्राच्या तळाशी राहावयास गेला! बुंदेलखंड येथून किती दूर? सत्तावनच्या त्याच धामधुमीत धारच्या किल्ल्याला इंग्रजी फौजेने वेढा दिला, संस्थान जप्त केले आणि १८६० साली मोठ्या मेहेरबानीने परत केले. म्हणजे जगातील दोन सर्वांत मानाची पोलादी घड्याळे दोन परागंदा राजांच्या नावाने चालत आहेत, एक झाडावर आणि एक पाण्याखाली. तिसरा राजा आमच्या गावचा. देवास थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव महाराज, ज्यांच्या पदरी १९२१ साली ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार खाजगी चिटणीस होता, ते कर्जात बुडालेले संस्थान मागे ठेवून फ्रेंचांच्या पाँडिचेरीस निघून गेले आणि १९३७ साली तेथेच वारले. त्यांच्या नावाचे घड्याळ अद्याप कोणी काढले नाही, ही सरदारसाहेबांची तक्रार आहे. फॉर्स्टरने 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात वाड्यातील कोऱ्या करकरीत आणि तरीही न वाजणाऱ्या पियानोंचे वर्णन केले आहे. ते वाचल्यावर देवासच्या नावाचे घड्याळ निघालेच तर ते चालेल किंवा कसे, याविषयी आम्ही मौन पाळतो.

आता घड्याळाच्या आत काय आहे, हे पाहण्याजोगे आहे. ओदेमार पिगेचे रॉयल ओक, पाटेकचे नॉटिलस आणि १९७७ साली व्हाशेरों कॉन्स्टँटिन या पेढीने आपल्या २२२ व्या वर्षाच्या स्मरणार्थ काढलेले टू ट्वेंटी टू, या तिन्ही प्रतिस्पर्धी घराण्यांच्या तिन्ही पोलादी घड्याळांत मूळ मशीन एकच. जेजेर-लकुल्त्र या कारखान्याने रचलेले, तीन मिलिमीटरांहून किंचित जाड, स्वतः चावी घेणारे. तिघांनी त्यास निरनिराळे क्रमांक दिले, आपापल्या परीने घासूनपुसून सजविले आणि आपापल्या बिरुदाचा शिक्का मारला; ज्याने ते रचले त्या कारखान्याने मात्र आपल्या स्वतःच्या एकाही घड्याळात ते बसविले नाही. पॅरिसच्या किंवा न्यूयॉर्कच्या संग्राहकास ही गोष्ट कळते तेव्हा त्यास धक्का बसतो, असे म्हणतात. धार-देवासच्या माणसास कशाचा धक्का बसणार? एक कूळ, तीन गाद्या, तीन दरबार, तीन शिक्के, आणि प्रत्येकास पंधरा तोफा. सरदारसाहेब तर एवढे ऐकताच प्रसन्न झाले आणि नॉटिलसला थोरली पाती व टू ट्वेंटी टूला धाकटी पाती म्हणू लागले. रॉयल ओक अर्थातच धारेकडे गेले.

स्पोर्ट्‌स या शब्दाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण आमच्या पाहण्यातील या घड्याळांचा एकही भक्त कोणताही खेळ खेळत नाही. खरोखरीचे खेळाडू घड्याळ पाहावयाचे तर १९३१ सालचे रिव्हर्सो पाहावे. हिंदुस्थानातील इंग्रज अधिकाऱ्यांची घड्याळे पोलो खेळताना फुटत, अशी तक्रार गेल्यावरून, तबकडी आतल्या बाजूस वळवून पोलादी पाठ पुढे करता येईल, असे ते रचले गेले. सत्तरीतील पोलादी घड्याळ पाण्यात कित्येक मीटर खोल नेले तरी चालते, पण ज्याने त्यासाठी घर गहाण टाकले आहे तो ते घालून हातसुद्धा धूत नाही.

घड्याळ मिळविणे हा या छंदाचा सर्वांत सोपा भाग होय, असे न मिळविलेल्या माणसांकडून आम्ही ऐकले आहे. खरी परीक्षा कागदपत्रांची. घड्याळाबरोबर त्याची मूळ पेटी, मूळ पावती, मूळ हमीपत्र, आणि कोणत्या साली कोणत्या दुकानास ते विकले गेले याचा कारखान्याच्या दप्तरातील उतारा, असा सारा दस्तऐवज असल्याखेरीज त्याच्या कुलीनतेविषयी संशय राहतो. नॉटिलसची मूळ पेटी बुचाच्या सालीची होती. त्या रिकाम्या पेटीसही आज स्वतंत्र गिऱ्हाईक आहे. रॉयल ओकच्या पहिल्या तुकडीच्या क्रमांकाआधी 'ए' हे अक्षर कोरलेले असे, आणि हे एक अक्षर नसले तर तेच पोलाद, तेच मशीन आणि तोच कारागीर असूनही मोल एकदम खाली येते. आमच्या आजोबांच्या पिढीने मुंबई इलाख्यातील इनाम कमिशनच्या कथा ऐकल्या होत्या, की सनद दाखवा, वहिवाट दाखवा, वारसा शाबीत करा, नाहीतर इनाम खालसा. ते कमिशन कधीच बरखास्त झाले, अशी आमची समजूत होती. ते जिनिव्हाच्या लिलावघरांत बसलेले आहे.

आणि येथेच हिंदुस्थानी संग्राहकाचे दुर्दैव उभे राहते, कारण या कमिशनची सर्वांत मोठी अट अशी की घड्याळास कोणी हात लावलेला नसावा. मूळच्या कडा तशाच तीक्ष्ण, मूळची तबकडी तशीच विटलेली हवी. उन्हाने काळी तबकडी तपकिरी पडली असेल तर तिला ट्रॉपिकल म्हणून अधिक पैसे मोजतात. आता आमच्याकडे वस्तू जपण्याची रीत नेमकी याच्या उलट आहे. जी वस्तू प्रिय, ती दिवाळीस घासावयाची, रंगवावयाची आणि नवी कोरी करून ठेवावयाची. देवास काय, धार काय, प्रत्येक घड्याळजीच्या काचेच्या कपाटात पॉलिशचे चाक असे, आणि त्या चाकाने माळव्यातील किती कडा, किती कोपरे गुळगुळीत केले, याची मोजदाद करावयास स्वतंत्र खाते उघडावे लागेल.

मागे एकदा धारेस एका निवृत्त नाझरांकडे सत्तरीतील आठ कोपऱ्यांचे पोलादी घड्याळ असल्याची वार्ता आली, तेव्हा सरदारसाहेब आम्हास बरोबर घेऊन तातडीने निघाले. नाझरसाहेबांनी आमचे यथास्थित स्वागत केले, पोहे आणविले, त्यांवर माळव्याच्या रिवाजाप्रमाणे शेव पेरली, आणि मग ट्रंकेतून मखमली पिशवी काढून पुढे ठेवली.

"आठ कोपरे आहेत ना?" सरदारसाहेबांचा आवाज कापत होता.

"मोजून घ्या साहेब. पूर्वी जरा बोचायचे हाताला. आमच्या घड्याळजीने दर दिवाळीला घासून घासून कसे गोल करून दिलेत बघा!"

"आणि तबकडी? निळी होती?"

"निळीच होती. पण वेळ नीट दिसायची नाही हो. पांढरी रंगवून घेतली. रंगवणारा म्हणाला, कंपनीचं नाव पुसलं गेलंय, कोणतं घालू? म्हटलं, चांगलंसं बघून घाल."

त्याने चांगलेसेच घातले होते. तबकडीवर जिनिव्हाच्या एका अत्यंत मातब्बर पेढीचे नाव होते, फक्त त्यात एक अक्षर जास्त होते. पाठीमागचे झाकण उघडविले तेव्हा आतील मशीन जपानी निघाले. सरदारसाहेबांनी पोह्यांची बशी तशीच खाली ठेवली. जगभरचे संग्राहक अशा रंगविलेल्या, जुळविलेल्या घड्याळांस 'मुंबई स्पेशल' म्हणतात, ही गोष्ट आम्ही परतीच्या वाटेवर, त्यांचे सांत्वन व्हावे म्हणून सांगितली. त्यावर ते इंदूर येईपर्यंत आमच्याशी बोलले नाहीत. वस्तुतः नाझरांचा काय अपराध? घड्याळ वेळ दाखविण्यासाठी असते, असा त्यांचा साधा समज होता, आणि त्या समजास अनुसरून ते नोकरीभर वेळेवर कचेरीत गेले.

ज्या दशकात स्वित्झर्लंडात पोलादाचा राज्याभिषेक चालला होता, त्या दशकात आमच्याकडे कोणाच्या मनगटावर काय होते, हे पाहिले म्हणजे नाझरांचा समज अधिकच क्षम्य वाटतो. परदेशी घड्याळ उघड मार्गाने येणे जवळजवळ अशक्य होते. सेइको, सिटिझन, रिको ही आखाती बंदरांतून रात्रीच्या अंधारात येत आणि दिवसाढवळ्या लग्नात दिसत. ज्यास अंधाराची भीती वाटे, त्याच्यासाठी एच. एम. टी. होती. सिटिझन कंपनीच्या साह्याने १९६१ साली बंगलोरास निघालेल्या या सरकारी कारखान्याने जनता, पायलट, सोना, कोहिनूर अशा नावांची घड्याळे काढली, आणि त्यातील जनता मिळावे म्हणून जनतेस नंबर लावून बसावे लागे. जावयाला एच. एम. टी. कबूल करून ते वेळेवर न मिळाल्यामुळे रुसवेफुगवे झाले नाहीत, असे मराठी घर माळव्यात विरळा. तो कारखानाही २०१६ साली कायमचा बंद झाला, आणि तत्क्षणी ज्या घड्याळाकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते, त्यास संग्राहक फुटले. सरदारसाहेबांच्या जामदारखान्यात, म्हणजे देवघराखालच्या फडताळात, आजमितीस आहेत ती बहुतेक हीच आहेत. उंची स्विस पोलादी घड्याळांची तेथे फक्त छायाचित्रे आहेत, पण ती मात्र मूळ पेटीसह ठेवलेली आहेत.

किमतींविषयी आम्ही थोडक्यात लिहितो, कारण सविस्तर लिहिण्याची आमची ऐपत नाही. जेंटाचे स्वतःचे रॉयल ओक २०२२ साली लिलावात २१ लाख फ्रँकांवर गेले. रुपयांत त्याचे किती होतात, हा हिशेब सरदारसाहेबांनी एकदा मांडला, आणि मग त्यांच्या ध्यानात आले की १९७४ पासून, म्हणजे रॉयल ओकनंतर दोन वर्षांनी आणि नॉटिलसच्या दोन वर्षे आधी, सरकारने नोटा छापण्याचा कारखाना देवासासच काढलेला आहे. नोटा गावात छापल्या जातात आणि घड्याळ गावात येत नाही, ही वस्तुस्थिती त्यांस अन्यायाची वाटते. त्या कारखान्यावरून जाताना ते अलीकडे मान दुसरीकडे वळवितात.

खरे तर जुन्या, दुर्मिळ आणि राजाश्रय लाभलेल्या धातूच्या वस्तूसाठी त्यांनी इतके लांब पाहण्याचे कारण नव्हते. धारेस लाट मशिदीबाहेर लोखंडाचा एक स्तंभ तीन तुकडे होऊन पडलेला आहे. तुकडे जोडले तर लांबी ४३ फुटांच्या आसपास, वजन सात टनांवर, आणि शतकानुशतके ऊनपाऊस खाऊनही गंजाने त्याचे फारसे वाकडे केलेले नाही. भोजराजाशी त्याचा संबंध परंपरेने जोडतात. गुजरातच्या सुलतानाने तो आपल्या मुलखात नेण्याचा घाट घातला आणि काढताना तो पडून मोडला, असे जहांगीर बादशहाने लिहून ठेवले आहे. दख्खनच्या स्वारीवर जाताना अकबराने त्यावर आपला लेख कोरविला. आम्ही हा स्तंभ सरदारसाहेबांना दाखविला, तेव्हा त्यांनी तो भिंगातून नीट तपासला आणि संग्राहकाच्या नियमांप्रमाणे निर्णय दिला: अंग दोन ठिकाणी तुटलेले, पृष्ठभागावर मागाहून आलेल्या मालकाचे नाव कोरलेले, मूळ सनद गहाळ, पेटी नाही, मात्र पॉलिश कधीही झालेले नाही, हे विशेष.

धार, देवास आणि आसपासच्या परगण्यांतील वाचकांना आमची विनंती आहे, की आजोबांच्या ट्रंकेत किंवा आजीच्या डब्यात सत्तरीतील एखादे पोलादी घड्याळ सापडल्यास ते कोणत्याही घड्याळजीकडे पॉलिशला देऊ नये. चालत नसले तरी हरकत नाही. तबकडी विटली असेल तर ती तशीच विटू द्यावी, कोपरे हाताला बोचत असतील तर ते सहन करावे, आणि दिवाळी जवळ आली की ते कुलपात ठेवावे.